गावात गोल्फ कोर्स नाही, तरी मुलांचं गोल्फ सुरू करायचं आहे? मग हे वाचा

७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. ब्राँझ एका फटक्यानं हुकलं. आयुष्यात कधी गोल्फ न पाहिलेली घरंही त्या सकाळी टीव्हीसमोर होती. मग आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींच्या आईवडिलांना पहिला प्रश्न पडला, की हे शिकायचं कुठे?

खरं तर भारतात गोल्फ फार जुनं आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. पण दोनशे वर्षं होत आली तरी खेळ क्लबांच्या कुंपणाआतच राहिला. महाराष्ट्रात पुण्याला येरवडा, मुंबईत चेंबूर, नवी मुंबईत सिडकोचं खारघरचं मैदान, शिवाय देवळाली-कामठीसारख्या लष्करी छावण्या अशी मोजकी ठिकाणं सोडली तर तालुक्याच्या गावातल्या मुलाला गोल्फचा चेंडू हातातही मिळत नाही. नाशिकमध्ये ज्याला लोक सवयीनं 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात, त्या अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेटचे सामने होतात.

हा लेख शाळेतले क्रीडाशिक्षक, क्रीडा मंडळाचे कार्यकर्ते आणि हौसेनं पुढे येणारे पालक यांच्यासाठी आहे. पहिलं वर्षभर गोल्फ कोर्स लागत नाही, शाळेचं मैदान पुरतं. मात्र वर्षभरानंतर मुलांना खऱ्या कोर्सवर कोण उतरवून घेणार, याची सोय पहिल्या महिन्यातच पाहायला लागते. बरेच उपक्रम बंद पडतात ते याच सांध्यावर. मुलं प्लास्टिकच्या चेंडूला कंटाळतात आणि पुढचं दार अजून कुणी वाजवलेलंच नसतं.

१. आधी जागा आणि कागद, स्टिक नंतर

३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मोकळी जागा असेल तर चोवीस मुलांचा वर्ग चालतो. पटिंग म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत होलमध्ये घालणं, चिप म्हणजे छोटा उचललेला फटका, स्विंग म्हणजे स्टिक मागे नेऊन फिरवून मारलेला फटका. पटिंग, चिप आणि मऊ चेंडूनं अर्धा स्विंग, एवढं सगळं यात बसतं.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: शाळेच्या मैदानावर खरा गोल्फ चेंडू फक्त पटिंगसाठी. बारा वर्षांच्या मुलाचा ७ नंबर आयर्न या धातूच्या डोक्याच्या स्टिकचा बरा बसलेला फटका १०० मीटर सहज जातो. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण कुणाच्या डोळ्यावर बसला तर डोळा जातो. क्रिकेटची जाळी लावून काम भागेल असं पुष्कळांना वाटतं, आणि तिथेच घात होतो. क्रिकेटच्या जाळीचा चौकोन साधारण ५० मिलिमीटरचा असतो आणि गोल्फ चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. चेंडू जाळीतून सरळ पार होतो. गोल्फसाठी २५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते.

सुरू करण्यापूर्वी हे कागद फाइलला लावा:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव
- मैदान नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर वार आणि वेळ लिहिलेलं त्यांचं पत्र
- प्रत्येक मुलाचं पालकांच्या सहीचं संमतीपत्र, त्यात रक्तगट, दमा, फिट्स, ॲलर्जी यांची नोंद आणि दोन फोन नंबर
- जन्मदाखल्याची आणि आधारची प्रत, बोनाफाईड, दोन फोटो
- गटाचा अपघात विमा
- जवळच्या दवाखान्याचा नंबर, मोठ्या अक्षरात, साहित्याच्या पेटीच्या झाकणावर

जन्मदाखला आत्ताच मागायचं कारण आहे. स्पर्धांचे वयोगट असतात आणि वयाचा पुरावा काटेकोर तपासतात. दाखल्यावर 'गणेश', आधारवर 'गणेशकुमार' आणि शाळेच्या रजिस्टरला तिसरंच काही, असं असेल तर दुरुस्तीला महिने जातात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही.

२. सुरक्षितता: यात सूट नाही

मुलांच्या गोल्फमध्ये चेंडूपेक्षा स्टिक लागून होणाऱ्या इजा अधिक भीतीच्या असतात. एक मूल स्विंग करतं, दुसरं कुतूहलानं मागून जवळ येतं. म्हणून मांडणी अशी ठेवा:

- मैदानावर फक्कीची एक सरळ रेघ मारा. सगळे त्या रेघेवरूनच मारतील. तीन मीटर मागे दुसरी रेघ, थांबलेली मुलं तिच्या मागे.
- दोन मुलांमध्ये तीन मीटर अंतर. प्रत्येकाच्या जागेवर शंकू ठेवा, म्हणजे मुलं नकळत जवळ सरकत नाहीत.
- लक्ष्याकडे तोंड केल्यावर रांगेचं जे उजवं टोक येतं, तिथे डावखुरी मुलं उभी करा. तिथे त्यांचं तोंड शेजारच्या उजव्या हातानं खेळणाऱ्या मुलाकडे येतं आणि दोघं एकमेकांना दिसतात. समोरासमोर असल्यानं या दोघांमधलं अंतर दुप्पट ठेवा.
- चार हुकूम ठरवा आणि तेच वापरा: 'जागा घ्या', 'मारा', 'स्टिक खाली', 'गोळा करा'. सगळ्यांच्या स्टिक जमिनीवर पडल्याशिवाय चौथा हुकूम द्यायचा नाही.
- पूर्ण स्विंगला आठ मुलांमागे एक मोठं माणूस. पटिंगला बारा चालतील.

डोक्याला स्टिक लागली तर मूल 'काही नाही झालं सर' म्हणालं तरी त्या दिवशी त्याचा खेळ बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

विजेचंही आत्ताच सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तो कडकडाट घेऊनच. हातात धातूची दांडी, पायाखाली उघडं मैदान. पहिला गडगडाट ऐकू आला की स्टिक जागीच टाकून पक्क्या इमारतीत जायचं, एकट्या झाडाखाली कधीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही.

मुली आणि मुलं दोन्ही असतील तर मोठी माणसं किमान दोन, त्यात एक बाई. प्रवासात तर हे हवंच. मुलांशी परस्पर फोनवर बोलणं ठेवू नका. निरोप पालकांच्या गटावर जाऊ द्या.

३. चोवीस मुलांसाठी किती साहित्य

आठ-आठचे तीन गट करा. एक गट पटिंगला, एक चिपला, एक स्विंगला, आणि दर पंधरा-सतरा मिनिटांनी अदलाबदल. त्यामुळे चोवीस संच घ्यावे लागत नाहीत.

- पटर (पटिंगची स्टिक) ८, त्यातले २ दोन्ही बाजूंनी मारता येणारे
- ७ नंबर आयर्न ४, ९ नंबर आयर्न ४, पिचिंग वेज (छोट्या, उंच फटक्याची स्टिक) २
- डावखुऱ्या स्टिक २
- छिद्रांचे प्लास्टिक चेंडू १००, टेनिस बॉल ५०, वापरलेले गोल्फ चेंडू ४८
- शंकू ३०, हूप १०, सुतळी ५० मीटर, फक्की
- काथ्याच्या जाड चटया ८
- प्रथमोपचार पेटी, बर्फाची सोय

ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची स्टिक, यादीत नाही, आणि तो मुद्दाम नाही. मुलं ड्रायव्हरच मागणार, पालकही तोच घेऊन येणार. पण लांब दांडी आणि कमी कोनाचा चेहरा असलेल्या स्टिकनं नवशिक्याचा चेंडू वर उठत नाही. मग तो उठवायला मूल पाठीत वाकतं, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

चटया विसरू नका. मुरमाच्या मैदानावर आयर्न आपटली की मनगटाला झिणझिण्या येतात. दोन-तीनदा असं झालं की मूल फटका मारतानाच आवरतं घ्यायला लागतं.

*मोठ्यांच्या स्टिक कापून देऊ का?* हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, कारण क्लबचे सभासद जुन्या स्टिक देतात आणि त्या फुकट असतात. पटर खुशाल कापा. मोठ्या पुरुषांची स्टीलच्या दांडीची आयर्न मात्र कापून नऊ वर्षांच्या मुलाला देऊ नका. दांडी कापली की ती अजून ताठ होते, डोकं तेवढंच जड राहतं आणि मूठ जाडच राहते. मूल ती हातांनी फिरवू शकत नाही, मग अख्ख्या खांद्यानं उचलतं. बायकांच्या ग्राफाइट दांडीच्या हलक्या स्टिक मिळाल्या तर पाच-सहा सेंटिमीटर कापून आणि लहान मुलांची बारीक ग्रिप बसवून थोड्या मोठ्या मुलांना चालतात. दान आलेली प्रत्येक स्टिक उजेडात धरून तपासा. ग्राफाइटला बारीक चीर असेल तर ती स्टिक बाद, कारण स्विंगमध्ये तुटून डोकं उडतं.

मुलाला स्टिक जुळते की नाही हे दोन चाचण्यांत कळतं. मूल डाव्या हातात स्टिक धरून, हात सरळ ठेवून, ती जमिनीला समांतर दहा सेकंद धरू शकलं पाहिजे. हात थरथरला तर स्टिक जड आहे. दुसरी, चेंडूला उभं राहिल्यावर स्टिकचा तळ जमिनीवर सपाट बसला पाहिजे आणि मुठीचं टोक बेंबीच्या आसपास रोखलेलं दिसलं पाहिजे. टोक छातीकडे गेलं तर स्टिक लांब आहे.

मुलं भराभर वाढतात, म्हणून पालकांना पहिल्या वर्षी संच विकत घ्यायला लावू नका. स्टिक शाळेच्या ठेवा आणि दांडीवर रंगाचा पट्टा मारा: ११० ते १२० सेंटिमीटर उंचीला लाल, १३५ पर्यंत पिवळा, १५० पर्यंत निळा. मूल स्वतःच आपल्या रंगाची उचलतं आणि वर्ग सुरू व्हायला वेळ लागत नाही. वर्गाआधी आणि नंतर मोजणी करा.

आणखी एक. डावखुऱ्या मुलाला 'डाव्या स्टिक नाहीत' म्हणून उजवा करू नका. भारताची गोल्फपटू दीक्षा डागर डावखुरी आहे. तिनं ऑलिंपिक खेळलं आणि कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णही मिळवलं. मूल कुठल्या हातानं लिहितं हे विचारू नका. हातात झाडू द्या, जमिनीवरची बाटली उडवायला सांगा, आणि ते आपणहून कुठल्या बाजूनं उभं राहतं ते पाहा.

४. ग्रीन तयार करणं

ग्रीन म्हणजे होलभोवतीचा, पटिंगसाठीचा गुळगुळीत तुकडा. गवताची ग्रीन शाळेला परवडणारी नाही. रोज कापणी, रोज पाणी, आणि मार्च-एप्रिलमध्ये गावाला टँकर येत असताना मैदानावर पाणी मारणं बरोबरही नाही. जुन्या लष्करी मैदानांवर वाळूत तेल मिसळून 'ब्राऊन' करायचे. ती कल्पना घ्या, पण तेल नको. जळकं इंजिन ऑइल मुलांच्या हाताला आणि जमिनीला वाईट.

सहा मीटर बाय सहा मीटरचा तुकडा निवडा. खडे वेचा, बारीक मुरूम टाका, पाणी शिंपून रोलर फिरवा. वाळल्यावर चाळलेली बारीक वाळू अर्धा सेंटिमीटर पसरा आणि पोत्यानं ओढून सारखी करा. चेंडू सरळ जातो की उड्या मारतो ते पाहा. उड्या मारत असेल तर रोलर कमी पडला. एका बाजूला हलका उतार मुद्दाम ठेवा, मुलांना उतार वाचायला शिकायचं आहे. गोट्या खेळणाऱ्या मुलांना हे लवकर कळतं.

होलचा व्यास नियमानं १०८ मिलिमीटर आणि खोली किमान १०१.६ मिलिमीटर. बाजारात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो, आतून १०४-१०५ भरतो, म्हणजे होल नियमापेक्षा किंचित लहान होतं. सरावाला ते चालतं. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा कापा, कड घासून घ्या आणि पाइपाची वरची कड जमिनीच्या पातळीच्या २५ मिलिमीटर खाली बसवा. कड वर राहिली तर चेंडू तिला आपटून बाहेर येतो आणि मुलाचा बरोबर गेलेला पट फुकट जातो. पहिल्या तीन आठवड्यांसाठी शेजारी १६० मिलिमीटरच्या पाइपाचं मोठं होलही करा. लहान मुलांना चेंडू आत पडल्याचा आवाज ऐकू यायला हवा. त्या आवाजासाठीच ती परत येतात.

हे जमत नसेल तर कृत्रिम गवताची १.२ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टी घ्या. पावसाळ्यात ती शाळेच्या हॉलमध्येही अंथरता येते.

५. बारा आठवडे: होलकडून मागे या

दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा. आठवड्यातून दोन दिवस, तासभर. फेब्रुवारीत बारा आठवडे पुरे होतात आणि वार्षिक परीक्षेची गडबड लागायच्या आत मुलांना हातात काहीतरी आल्यासारखं वाटतं.

*आठवडे १ ते ३, पटिंग.* पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत व्हावीत असं जिथे धरलेलं असतं तिथे, प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ पट धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ इथेच आहे. आधी स्टिक न देता हातानं चेंडू घरंगळवायला लावा, मग पटर. होलभोवती एक मीटरवर घड्याळाच्या आकड्यांसारखे आठ चेंडू लावा आणि एकेक घाला. एक हुकला की पहिल्यापासून. मुलं हा खेळ थांबवायचं नावच घेत नाहीत.

*आठवडे ४ ते ६, चिप.* टेनिस बॉल आणि हूप. पाच, आठ, दहा मीटरवर हूप ठेवा. इथेही आधी खालून हातानं फेकायला लावा, मग स्टिक. सहाव्या आठवड्यात, मुलं अजून कच्ची असतानाच, एकदा खरा कोर्स दाखवून आणा. नुसता पाहायला.

*आठवडे ७ ते ९, अर्धा स्विंग.* प्लास्टिकचा चेंडू, काथ्याची चटई, ९ नंबर आयर्न. हात कमरेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

*आठवडे १० ते १२, पूर्ण स्विंग आणि तीन होलचा छोटा कोर्स.* मैदानाच्या तीन कोपऱ्यांत तीन होल, प्लास्टिक चेंडू, हातात स्कोअरकार्ड.

आता क्रिकेटचं. आपल्याकडचं जवळजवळ प्रत्येक मूल हातात बॅट धरूनच गोल्फला येतं. याचा फायदा आहे: नजर, हिंमत, फटक्याची वेळ. विटी-दांडू खेळलेल्या मुलाला तर लहानशा वस्तूवर काठी नेमकी बसवायची सवयच असते. पण तीन सवयी आड येतात.

पहिली, हात. बॅटवर दोन हातांत फट राहिली तरी भागतं, आणि लेगला भिरकवताना खालचा हात जोर करतो. गोल्फमध्ये दोन्ही हात चिकटलेले हवेत. आठ वर्षांखालच्या मुलांना दहाही बोटं दांडीवर ठेवू द्या, बोटं गुंतवायची घाई नको. मुलानं खाली पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांची दोन पेरं दिसली पाहिजेत, एवढी एकच खूण सांगा.

दुसरी, पाय. फलंदाज पुढे पाऊल टाकतो. इथे फटका होईपर्यंत पाय जागचे हलत नाहीत. दोन्ही पावलांभोवती फक्कीचे गोल काढा आणि फटक्यानंतर ते पुसले गेले का ते मुलालाच पाहू द्या.

तिसरी सगळ्यांत चिवट. चेंडू उंच मारायचा तर खालून उचलायचा, असं मुलाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गोल्फमध्ये उंची स्टिकच्या चेहऱ्याच्या कोनातून येते. स्टिक खाली येताना चेंडूला लागते आणि मग जमिनीला घासते. मूल उचलायला जातं, स्टिकची धार चेंडूच्या डोक्यावर बसते आणि चेंडू जमिनीवरून सुसाट पळतो. तोंडी समजावून हे सुटत नाही. यावर एक साधी कसरत आहे. चटई बाजूला ठेवा, मऊ माती असेल तिथे फक्कीची रेघ मारा. चेंडू न ठेवता, रेघेवर चेंडू आहे असं धरून स्विंग करायला लावा. स्टिक मातीला कुठे लागली ते तिथेच दिसतं. उचलणाऱ्या मुलाचा ओरखडा रेघेच्या मागे असतो किंवा नसतोच. ओरखडा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला लागला की मग चेंडू ठेवा. दहापैकी सात ओरखडे पुढे पडेपर्यंत पूर्ण स्विंगकडे जाऊ नका. या एका कसरतीवर दोन आठवडे गेले तरी ते सत्कारणी लागले म्हणून समजा.

६. शिकवणार कोण

पहिले बारा आठवडे चांगला क्रीडाशिक्षक शिकवू शकतो. त्यानं स्वतः एखाद्या रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, काही दिवस शिकून यावं, एवढंच. पुढे मात्र प्रशिक्षित माणूस हवा. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते, तेव्हा प्रशिक्षक म्हणवणाऱ्याला ते दाखवायला सांगायला संकोच नको.

दुसरा आधार कॅडींचा, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांचा. क्लबांतले कित्येक कॅडी वर्षानुवर्षं खेळतात, ग्रीनचा उतार डोळ्यांनी ओळखतात आणि मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीत कॅडी होता. अशा माणसाला महिन्यातून दोन दिवस मानधन देऊन बोलवा, आणि मानधन वेळेवर द्या.

७. क्लबचं दार

पत्र चिटणीसांच्या नावे आणि प्रत गोल्फ कॅप्टनला, कारण खेळाचे निर्णय बहुधा कॅप्टनकडून जातात. पत्र एका पानाचं ठेवा: मुलं किती, वयं काय, सोबत मोठी माणसं कोण, विमा आहे, आणि नेमकं काय हवं. 'सहकार्य करावं' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. असं मागा: पंधरा दिवसांतून एकदा, मंगळवार ते गुरुवारपैकी एका दिवशी दुपारी दोन तास, फक्त पटिंग ग्रीन आणि रेंज. कोर्स मागू नका. सोमवारी बऱ्याच क्लबांत देखभालीसाठी सुट्टी असते आणि शनिवार-रविवार सभासदांचा. हे समजून मागितलं की नकार देणं अवघड जातं. पत्रातच जुने चेंडू आणि लहान स्टिकही मागून टाका.

लष्करी मैदान असेल तर मुलांची नावं आणि ओळखपत्रं आधी पाठवावी लागतात, शेवटच्या क्षणी वाढवलेलं नाव गेटवरच थांबतं. जवळचं मैदान दीडशे किलोमीटरवर असेल तर पंधरवड्याचा हट्ट सोडा, तीन महिन्यांतून एक दोन दिवसांचं शिबिर ठेवा.

जाण्यापूर्वी कपड्यांचा नियम विचारून घ्या. सहसा कॉलरचा टी-शर्ट आत खोचलेला, जीन्स नको, रबरी तळव्याचे बूट. शाळेचा गणवेश चालतो का, हेही विचारा. चालत असेल तर कुणाला नवे कपडे घ्यावे लागत नाहीत आणि कुणी ओशाळवाणं होत नाही.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट आधीच विचारा: कोर्सवर स्वच्छतागृह कितव्या होलजवळ आहे? नऊ होलला दोन तासांहून जास्त वेळ जातो. या एका अडचणीपायी मुली पाणी प्यायच्या थांबतात आणि मग यायच्याच थांबतात. मुलींचा गट किमान चार जणींचा ठेवा, एकटी मुलगी टिकत नाही.

आणि हे ठामपणे: 'मुलांना खेळू देतो, बदल्यात रेंजवरचे चेंडू गोळा करू देत, बॅगा उचलू देत' असा प्रस्ताव कुणाकडूनही आला तर नाही म्हणा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय मूल एकदा तिथे नोकर म्हणून ओळखलं गेलं की खेळाडू म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

८. मैदानावरून कोर्सवर

मूल तयार झालं का, यासाठी ही चाचणी ठेवा: एक मीटरवरून दहापैकी सहा पट आत, दहा मीटरवरून चिप केलेल्या दहापैकी पाच चेंडू दोन मीटरच्या आत, आणि ७ नंबर आयर्ननं दहापैकी सहा चेंडू हवेत. एवढं जमलं की नऊ होल, पण मोठ्यांच्या टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या नेहमीच्या जागेवरून, नाही. प्रत्येक होल ग्रीनपासून १०० मीटरवरून सुरू करा, आणि एका होलला आठ फटके झाले की चेंडू उचलून पुढे जा. आठाचा नियम नसेल तर एक मूल एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, वीस फटके मारतं, मागचा गट खोळंबतो आणि क्लबकडून पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

शिष्टाचार इथेच शिकवा: ग्रीनवरचा चेंडूचा खळगा बुजवणं, बंकर दाताळ्यानं सारखा करणं, दुसरा मारत असताना गप्प उभं राहणं. मुलांनी हे केलेलं सभासदांच्या लगेच डोळ्यांत भरतं.

नियम जुन्या खेळाडूंकडून शिकताना जपा. २०१९ मध्ये नियम बरेच बदलले. ड्रॉप, म्हणजे नियमानुसार चेंडू हातातून खाली सोडणं, आता खांद्याच्या नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीन मिनिटं. पट मारताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी चालतो. बॅगेत १४ पेक्षा जास्त स्टिक नकोत. कार्डावर एखाद्या होलला प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिला तर तोच कायम राहतो. म्हणून सही करण्यापूर्वी होलगणिक आकडे मोठ्यानं वाचून घ्यायची सवय लावा.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. तो काढायला एकूण ५४ होलची कार्डं लागतात आणि ती नऊ-नऊ होलची सहा कार्डंही चालतात. कमाल हँडिकॅप ५४ आहे, त्यामुळे 'अजून आपला मुलगा त्या लायकीचा नाही' म्हणून थांबायचं कारण नाही.

९. स्पर्धा, पैसा, दहावी

देशपातळीवरच्या ज्युनिअर स्पर्धा इंडियन गोल्फ युनियन घेते. वयोगट कुठल्या तारखेला धरले आहेत ते त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहून मगच अर्ज भरा. पहिली स्पर्धा मात्र शेजारच्या दोन शाळांची, तीन होलची, प्लास्टिक चेंडूची असू द्या.

पालकांना स्पर्धेआधी एक नियम समजावून सांगा. मूल सल्ला फक्त स्वतःच्या कॅडीकडून घेऊ शकतं. दोरीबाहेर उभ्या बाबांना 'कुठली मारू?' असं विचारलं तर दोन फटक्यांचा दंड.

प्रायोजकाबद्दलही उगाच भीती असते. १ जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूंचे नियम सैल झाले आहेत. गावातल्या दुकानदाराचं नाव टी-शर्टवर घातलं म्हणून मुलाचा हौशी दर्जा जात नाही. रोख बक्षिसाला मात्र मर्यादा आहे, ती पाहून घ्या. मिळालेला पैसा प्रवासाला ठेवा, कारण खर्च तिथेच होतो.

नववी-दहावीला निम्मी मुलं गळतात. त्यांना पूर्ण सोडू नका. आठवड्याला एक दिवस, चाळीस मिनिटं, फक्त पटिंग आणि चिप, एवढं दहावीच्या पालकालाही पटतं. परीक्षा मार्चमध्ये संपते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते साडेआठ अशी वेळ क्लबकडून जानेवारीतच लेखी मागून ठेवा. प्रत्येकाकडे टोपी आणि लिटरभर पाणी हवंच. जूनमध्ये पाऊस लागला की पट्टी हॉलमध्ये अंथरा, आणि नव्या पाचवीच्या वर्गात संमतीपत्रं वाटा.